पंपाचा पासवर्ड: एक एक एक एक

२५ नोव्हेंबर २०२३, शनिवार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळ, ॲलिक्विपा नावाचं गाव आहे. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेच्या एका बूस्टर स्टेशनवर अलार्म वाजला. या स्टेशनचं काम साधं आहे. रॅकून आणि पॉटर या दोन टाउनशिपकडे जाणाऱ्या पाण्याच्या दाबावर लक्ष ठेवायचं आणि तो सांभाळायचा. कर्मचाऱ्यांनी पाहिलं, तर यंत्राच्या स्क्रीनवर दाबाचे आकडे नव्हतेच. त्या जागी मजकूर होता: तुम्हाला हॅक केलं आहे, इस्रायलमध्ये बनलेलं प्रत्येक उपकरण आमचं लक्ष्य आहे. करणाऱ्यांनी स्वतःचं नाव दिलं होतं सायबर अव्हेंजर्स.

कर्मचाऱ्यांनी ती यंत्रणा बाजूला केली आणि पंप हाताने चालवायला घेतले. पिण्याच्या पाण्याला धोका पोचला नाही. तीन दिवसांत अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने, म्हणजे सिसाने, देशभरच्या पाणीपुरवठा संस्थांना सावध करणारी सूचना काढली. तिच्यात सांगितलं होतं, यंत्राचा पासवर्ड अजून ‘११११’ तर नाही ना, ते तपासा आणि बदला.

चार वेळा एक. यंत्र कारखान्यातून निघताना कंपनीनेच घातलेला, सगळ्या यंत्रांना सारखा, जगात कुणालाही शोधून काढता येणारा पासवर्ड.

मी बरीच वर्षं पॅनेल आणि ऑटोमेशनच्या कामात आहे. ही बातमी आली तेव्हा आमच्या क्षेत्राबाहेरच्या मित्रांनी एकच प्रश्न विचारला: “असला पासवर्ड ठेवतं का कुणी?” प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर गावच्या पंप ऑपरेटरच्या आळसात शोधायला गेलं तर सापडत नाही. ते सापडतं ही यंत्रं जिथे बनतात तिथे. कसं, ते जरा सावकाश सांगतो.

डब्याच्या आत

पंपहाउसमधलं किंवा कारखान्यातलं कंट्रोल पॅनेल उघडलंत तर आत पत्र्याच्या एका अरुंद पट्टीवर, जिला आम्ही डिन रेल म्हणतो, वस्तू ओळीने बसवलेल्या दिसतात. एमसीबी, कॉन्टॅक्टर, रिले, २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय, आणि त्यांच्यामध्ये जाड पुस्तकाएवढा एक डबा, त्यावर ‘रन’चा हिरवा दिवा. तो पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर.

हा एक लहान आणि दणकट संगणक. एका बाजूच्या वायरींमधून त्याला खबर येते: टाकीत पाणी इतकं, पाइपात दाब इतका, मोटर तापली आहे की नाही. दुसऱ्या बाजूच्या वायरींमधून त्याचे हुकूम जातात: पंप लाव, व्हॉल्व्ह बंद कर. मध्ये त्याच्या पोटात प्रोग्राम असतो. तो बहुधा ‘लॅडर’ पद्धतीने लिहिलेला असतो, कारण कागदावर काढला की शिडीसारखा दिसतो. एकेक पायरी म्हणजे एकेक नियम. दाब अमक्यापेक्षा खाली गेला आहे, टाकीत पाणी आहे आणि मोटर ट्रिप नाही, तर पंप लाव. पीएलसी वरपासून खालपर्यंत सगळ्या पायऱ्या तपासतो, हुकूम देतो आणि पुन्हा वर जातो. एका फेरीला काही मिलिसेकंद लागतात. दिवसरात्र, वर्षानुवर्षं हेच चालू असतं. आपल्या नळाला पाणी येतं, लिफ्ट मजल्यावर बरोबर थांबते, दुधाच्या पिशव्या मोजून भरल्या जातात, या सगळ्यामागे कुठेतरी असा एक डबा असतो.

ॲलिक्विपातला डबा युनिट्रॉनिक्स या इस्रायली कंपनीच्या व्हिजन मालिकेतला होता. त्यात पीएलसी आणि ऑपरेटरची स्क्रीन एकत्रच असतात, त्यामुळे छोट्या कामांना तो सुटसुटीत पडतो. पाणीपुरवठ्यात तो बराच वापरला जातो, शिवाय वीज, खाद्यपदार्थ, इतर कारखाने इथेही.

अशा यंत्राला दोन दारं असतात. पुढचं दार ऑपरेटरचं. तो आकडे बघतो, पंप चालू-बंद करतो. मागचं दार इंजिनिअरचं. तो लॅपटॉप जोडून प्रोग्रामच बदलू शकतो. आमच्या क्षेत्रात शब्दही उलटे आहेत. लॅपटॉपमधून पीएलसीत प्रोग्राम घालणं म्हणजे ‘डाउनलोड’, आणि पीएलसीतला प्रोग्राम लॅपटॉपवर काढून घेणं म्हणजे ‘अपलोड’. ज्याला डाउनलोड करता येतं तो यंत्राचा खरा मालक, मग सातबारा कुणाच्याही नावावर असो. आपण बोलतो आहोत ते या मागच्या दाराच्या कुलपाबद्दल.

कुलूप कुणासाठी होतं

पहिले पीएलसी १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आले, मोटारींच्या कारखान्यांतली रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांनी, भरलेली कपाटं हटवण्यासाठी. यंत्र भिंतीच्या आत, त्याच्या तारा भिंतीच्या आत, आणि बाहेरच्या जगाशी काही संबंध नाही. १९७९मध्ये मॉडिकॉन कंपनीने या यंत्रांना आपसात बोलण्यासाठी मॉडबस नावाची भाषा आणली. ती आजही जगभर चालते, आपल्या एमआयडीसींमध्येही रोज चालते. तिच्या मूळ रूपात पासवर्ड ही कल्पनाच नाही. ‘अमुक क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे स्मृतीतल्या खान्यात, अमुक आकडा लिही’ असं सांगितलं की यंत्र लिहितं. सांगणारा कोण, हे विचारायची सोयच त्या भाषेत नाही. तेव्हा गरजही वाटली नाही. जो माणूस तारेपर्यंत पोचला, तो गेटवरच्या वॉचमनसमोरूनच आत आलेला असणार.

पुढे पासवर्ड आले, पण ते दोन वेगळ्या भीतींपोटी. रात्रपाळीत कुणाचा चुकून हात लागून टायमरचा आकडा बदलला जाऊ नये, ही एक. आणि मशीन बनवणाऱ्याने घाम गाळून लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने उतरवून घेऊ नये, ही दुसरी. चूक आणि नक्कल. दूर देशात बसलेला चोर या हिशेबात नव्हता. रांगतं बाळ कपाट उघडू नये म्हणून वरची कडी पुरते, तसा चुकीच्या हातासाठी ‘११११’ पुरत होता. शिवाय कुलूप फार घट्ट असण्याचीही आमच्या लोकांना भीती वाटते, आणि तीही खरी आहे. पाणी चढवायचं आहे, पंप बंद आहे, पासवर्ड माहीत असलेला माणूस गावाला गेला आहे, अशा वेळी न उघडणारं कुलूप म्हणजे संकटच.

मग त्या तारेला इंटरनेट जोडलं गेलं. ते कसं घडतं, हे मी जवळून पाहिलं आहे. पंपहाउस गावाबाहेर, कंत्राटदार शंभर किलोमीटरवर. फॉल्ट आला की रात्री दोन वाजता पावसात गाडी काढायची, नाहीतर पॅनेलमध्ये सिमकार्डवर चालणारा राउटर बसवायचा आणि घरच्या लॅपटॉपवरून बघायचं. ज्याने अशी गाडी चार वेळा काढली आहे, तो पाचव्या वेळी राउटर बसवतो. राउटरवर दरवाजा उघडा ठेवला की पीएलसी सगळ्या जगासमोर येतो. युनिट्रॉनिक्सची ही यंत्रं इंजिनिअरशी बोलताना ठरलेल्या २०२५६ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतात. इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे इमारत समजली तर पोर्ट म्हणजे खोली क्रमांक. शोडान नावाचं सर्च इंजिन २००९पासून हेच काम करतं: जगातल्या पत्त्यांवर कुठल्या खोलीत कुठलं यंत्र उत्तर देतं, याची यादी ठेवतं. हल्ला करणाऱ्याला ॲलिक्विपा हे नाव माहीत असण्याची गरज नसते. मॉडेल शोधलं की गावं आपोआप सापडतात.

खोली क्रमांक ठरलेला, पासवर्ड ठरलेला. उरलं काय?

आत शिरून काय केलं

हल्लेखोर इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्ड्स या लष्करी दलाशी जोडलेले असल्याचं अमेरिकी सरकारने जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या सहा अधिकाऱ्यांवर निर्बंध घातले. पुढे तपास यंत्रणांनी तपशील दिला. किमान ७५ यंत्रं ताब्यात घेतली गेली होती, त्यातली किमान ३४ अमेरिकेतल्या पाणी आणि सांडपाणी क्षेत्रातली.

बातम्यांमध्ये फक्त स्क्रीनवरचा मजकूर आला. आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा आला तो पुढच्या ओळी वाचून. यंत्रातला मूळ लॅडर प्रोग्राम पुसून टाकला होता आणि त्या जागी स्वतःचा घातला होता, ज्यात इनपुट-आउटपुट काहीच नाही. म्हणजे डबा चालू आहे, पण टाकी भरली की रिकामी हे तो बघत नाही आणि पंपाला काही सांगतही नाही. यंत्रांची नावं बदलली, बोलण्याचा पोर्ट क्रमांक बदलला, सॉफ्टवेअरची आवृत्ती मागे नेली, प्रोग्राम घालणं-काढणं बंद केलं आणि वर पासवर्ड घातला. मालकांनी जो पासवर्ड कधी घातला नव्हता, तो परक्याने घातला, आणि मालकच दाराबाहेर राहिले.

अशा वेळी यंत्र पुन्हा उभं करायला मूळ प्रोग्रामची प्रत हवी. ती कुठे असते? माझा अनुभव सांगतो. बहुतेक ठिकाणी ती नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्यातरी लॅपटॉपवर असते.

त्याच सुमारास आयर्लंडमध्ये, काउंटी मेयोच्या एरिस भागात, बिंगहॅम्सटाउन आणि ड्रम या वाड्यांची गावकऱ्यांनीच चालवलेली एक पाणी योजना अशाच हल्ल्याने बंद पडली. सुमारे १८० घरांना दोन दिवस पाणी नव्हतं. एवढी छोटी योजना. तिचा इस्रायलशी किंवा इराणशी संबंध काय, तर पॅनेलमधल्या डब्यावरचं कंपनीचं नाव, बस. ॲलिक्विपात हाताने पंप चालवणारी माणसं आणि तशी सोय होती म्हणून निभावलं. एरिसमध्ये लोकांनी दोन दिवस बादल्यांवर काढले असतील. ज्याने उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता दोष कुणाचा? मालकाने पासवर्ड बदलायला हवा होता, हे खरंच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मार्च २०२३मध्येच राज्यांना सांगितलं होतं की पाणी योजनांच्या नियमित तपासणीत सायबर सुरक्षाही तपासा. मिसुरी, आर्कान्सा आणि आयोवा ही राज्यं आणि पाणी संस्थांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि ऑक्टोबरमध्ये तो आदेश मागे घेतला गेला. ॲलिक्विपाचा अलार्म त्याच्या पुढच्याच महिन्यात वाजला.

पण माझं म्हणणं त्याच्याही आधीच्या टप्प्याबद्दल आहे. या दोषाला नंतर सुरक्षा दोषांच्या जागतिक यादीत सीव्हीई-२०२३-६४४८ असा क्रमांक मिळाला आणि गंभीरतेचे १०पैकी ९.८ गुण. डिसेंबर २०२३मध्ये कंपनीने या यंत्रांत प्रोग्राम घालायच्या आपल्या व्हिजिलॉजिक सॉफ्टवेअरची ९.९.०० ही आवृत्ती काढली. तिने काय केलं? ठरलेला पासवर्ड बदलायला लावला. इतकंच. नवीन तंत्रज्ञान लागलं नाही, यंत्र बदलावं लागलं नाही. म्हणजे हे आधीही करता आलं असतं. जगभरच्या हजारो पंपहाउसमधल्या माणसांनी प्रत्येकी आठवण ठेवून एक काम करावं, आणि त्यातला एक जरी विसरला तरी गाव उघडं पडावं, यापेक्षा ते काम एकदाच कारखान्यात करणं सोपं होतं. ते झालं नाही, याला मी दोष म्हणतो.

पासवर्ड बदलूनही

कुणी म्हणेल, जबाबदार माणूस पासवर्ड बदलतो, त्याचं काय बिघडतं? त्यासाठी २०१२मधली एक गोष्ट बघायला हवी.

रगेडकॉम ही कॅनडातली कंपनी. वीज उपकेंद्रं, रेल्वे, सिग्नल यंत्रणा अशा ठिकाणी लागणारे, ऊन-थंडी आणि धक्के सोसणारे नेटवर्क स्विच, म्हणजे यंत्रं एकमेकांना तारांनी जोडणारे डबे, बनवायची. जस्टिन क्लार्क नावाच्या अमेरिकी संशोधकाने या कंपनीची जुनी, वापरलेली उपकरणं ईबेवरून विकत घेतली आणि घरी बसून आतलं सॉफ्टवेअर तपासलं. त्याला एक खातं सापडलं. नाव ‘फॅक्टरी’. मालकाने कितीही खाती बनवली, कितीही कडक पासवर्ड घातले, तरी हे खातं तसंच राहायचं. ते बंद करायची सोय मालकाला नव्हती.

त्याचा पासवर्ड मात्र प्रत्येक यंत्राला वेगळा होता, म्हणजे निदान ‘११११’पेक्षा बरा वाटेल. तो बनायचा यंत्राच्या मॅक पत्त्यावरून. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक नेटवर्क उपकरणाला कारखान्यात मिळणारा क्रमांक, गाडीच्या चेसिस नंबरसारखा. त्या क्रमांकावर एक ठरलेला हिशेब केला की पासवर्ड तयार. आणि तो मॅक पत्ता कुठे मिळणार? यंत्राशी जोडणी केली की लॉगिन विचारण्याआधी ते स्वतःच स्क्रीनवर दाखवायचं.

जरा डोळ्यांसमोर आणा. दारावर कुलूप आहे, आणि किल्लीचा नंबर पाटीवर लिहिला आहे. तो नंबर सांगितला की कुठलाही किल्लीवाला पाच मिनिटांत किल्ली घासून देईल. क्लार्कने हिशेबाची रीत शोधून काढली, एप्रिल २०११मध्ये कंपनीला कळवलं, वर्षभर वाट पाहिली. दुरुस्ती आली नाही तेव्हा एप्रिल २०१२मध्ये सगळं जाहीर केलं. तोवर रगेडकॉम सीमेन्सने विकत घेतली होती. त्यानंतर मात्र दुरुस्ती आली.

असं छुपं खातं कंपन्या का ठेवतात? वाईट हेतूने असेलच असं नाही. ग्राहक पासवर्ड विसरतो, वैतागून फोन करतो, सर्व्हिसच्या माणसाला आत जावं लागतं. त्या फोनची सोय म्हणून ठेवलेली ही किल्ली. पण ती प्रत्येक यंत्रात आहे हे ग्राहकाला कुणी सांगत नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे. माझ्या घराची एक किल्ली बिल्डरकडे आहे, हे मला माहीत असायला नको?

आणखी एक प्रकार आपल्याकडच्या लोकांनी नीट वाचावा. एका छोट्या कारखान्यात मी कामाला गेलो होतो. जुनं पॅकिंग मशीन, बनवणाऱ्याने धंदा केव्हाच बंद केलेला, पीएलसीला पासवर्ड, आणि तो कुणालाच माहीत नाही. एक सेन्सर बदलायचा होता, त्यासाठी प्रोग्राममधली एक ओळ बदलायला हवी होती. मेंटेनन्सच्या मुलाने मोबाइल पुढे केला. ‘पीएलसी पासवर्ड अनलॉक’ असा व्हिडिओ, खाली नंबर, पैसे पाठवले की सॉफ्टवेअर मिळणार. “साहेब, हजार-दोन हजारात काम होतंय,” तो म्हणाला. नवा पीएलसी घालून प्रोग्राम पुन्हा लिहायचा तर खर्च कितीतरी पटींनी जास्त. त्याचं काही चुकत नव्हतं. मशीन मालकाचं, पैसे मालकाचे, आणि तोच आपल्या यंत्राबाहेर.

तरी मी त्याला थांबवलं, कारण जुलै २०२२मध्ये ड्रॅगोस या अमेरिकी सुरक्षा कंपनीने अशाच एका सॉफ्टवेअरची चिरफाड करून दाखवली होती. ते ऑटोमेशनडायरेक्ट कंपनीच्या डायरेक्टलॉजिक ०६ या पीएलसीसाठी होतं. पासवर्ड खरोखर मिळत होता. पण ते सॉफ्टवेअर पासवर्ड ‘फोडत’ नव्हतंच. पीएलसीच्या सिरीयल पोर्टवर, म्हणजे लॅपटॉपची केबल लावायच्या खाचेतून, एक ठरावीक संदेश पाठवला की यंत्र आपला पासवर्ड जसाच्या तसा सांगून टाकायचं. तिजोरीला विचारलं आणि तिजोरीनेच नंबर सांगितला. ही फर्मवेअरमधली, म्हणजे यंत्रात कंपनीनेच घातलेल्या सॉफ्टवेअरमधली, खोट होती, कंपनीने नंतर ती दुरुस्त केली.

आणि त्या सॉफ्टवेअरसोबत लॅपटॉपवर आणखी काही उतरत होतं: सॅलिटी नावाचा जुना व्हायरस. तो संगणकाला आपल्या टोळीत ओढतो. ड्रॅगोसला सापडलेला प्रकार दर अर्ध्या सेकंदाला क्लिपबोर्ड तपासायचा, आणि तुम्ही क्रिप्टोचलनाचा पत्ता कॉपी केला असेल तर त्या जागी चोराचा पत्ता ठेवायचा. आता विचार करा, तो लॅपटॉप कुठला आहे. ज्याने उद्या दुसऱ्या कारखान्यात, परवा पाणी योजनेवर प्रोग्राम डाउनलोड होणार आहे, तो. अशी सॉफ्टवेअरं एका कंपनीच्या नाही, कितीतरी नावाजलेल्या कंपन्यांच्या पीएलसी आणि स्क्रीनसाठी विकली जातात.

त्या कारखान्यात आम्ही शेवटी छोटा नवा पीएलसी घातला आणि प्रोग्राम पहिल्यापासून लिहिला. चार दिवस मशीन बंद राहिलं. मालकाला ते जड गेलं.

मोठ्या कंपन्यांचीही यातून सुटका नाही. सीमेन्सच्या एस७-१२०० आणि एस७-१५०० या पीएलसींमध्ये संदेश गुप्त ठेवण्यासाठी गणिती किल्ली वापरली होती, चांगली मजबूत. पण एका मालिकेतल्या सगळ्या यंत्रांत ती एकच होती. एका यंत्रातून ती काढली की सगळ्यांचं गुपित उघडं. क्लॅरोटी या कंपनीच्या संशोधकांनी ती काढून दाखवली आणि ऑक्टोबर २०२२मध्ये ते जाहीर झालं. सीमेन्सचं म्हणणं होतं की २०१३मध्ये ही रचना केली तेव्हा प्रत्येक यंत्राला वेगळी किल्ली देऊन ती सांभाळण्याच्या व्यवहार्य सोयी नव्हत्या. ते समजण्यासारखं आहे. नव्या आवृत्तीत त्यांनी प्रत्येक यंत्राला वेगळं गुपित दिलं, तेही खरं. पण जुनी यंत्रं पॅनेलमध्ये बसलेली आहेत, आणि पीएलसी सहज पंधरा-वीस वर्षं चालतो.

उद्या सकाळी

पाणी योजना, सोसायटीचं पंपहाउस, छोटा कारखाना, जे काही तुमच्याकडे असेल, तिथे सगळ्यात आधी पॅनेल उघडा आणि सिमकार्डचा राउटर आहे का ते बघा. असेल तर त्याचं बिल कोण भरतं, हे विचारा. ते कुणाला सांगता आलं नाही तर तिथूनच सुरुवात करा. रिमोट हवाच असेल तर व्हीपीएनमधून घ्या, म्हणजे आधी ओळख पटवून बंद बोळातून आत यायचं, आणि त्या ओळखीसाठी पासवर्डासोबत मोबाइलवरचा कोडही लागेल असं करा. पीएलसीचा पोर्ट थेट इंटरनेटवर असता कामा नये. पासवर्ड त्यानंतरचं काम. तो बदला, पण वहीत लिहून वही कुलपात ठेवा, म्हणजे रात्री अडायला होणार नाही. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहू नका. मी ते इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की दार उघडलं की नजर आधी तिकडेच जाते.

काही पीएलसींवर खरी, धातूची किल्ली असते. रन, रिमोट, प्रोग्राम अशा जागा असतात. किल्ली ‘रन’वर फिरवून काढून घेतली की साध्या मार्गाने प्रोग्राम बदलता येत नाही, पासवर्ड माहीत असला तरी. २०१७मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात अपघात टाळण्यासाठी बसवलेल्या सुरक्षा यंत्रणेवर हल्ला झाला, तेव्हा तिथल्या कंट्रोलरची किल्ली ‘प्रोग्राम’वर राहिलेली होती. फिरवायला दोन सेकंद लागतात.

प्रोग्रामची प्रत पेनड्राइव्हवर काढून त्याच वहीशेजारी ठेवा. आणि वर्षातून एकदा तरी पंप हाताने चालवून बघा. ‘मॅन्युअल’वर फिरवायचा सिलेक्टर स्विच पाच वर्षांत कुणी हलवलेला नसेल तर वेळेवर तो चालेलच असं नाही.

हल्ला झालाच तर स्क्रीनचा फोटो काढा, काही पुसू नका, आणि सर्ट-इनला, म्हणजे भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवा. २८ एप्रिल २०२२च्या निर्देशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे.

कायदेही हळूहळू बनवणाऱ्याकडे वळत आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२०पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या उपकरणांना सुरक्षेची अट आहे: पासवर्ड प्रत्येक यंत्राला वेगळा असावा किंवा पहिल्या वापरात बदलायला लावावा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून सगळ्यांना सारखा असा ठरलेला पासवर्ड बंद झाला, पण तो घरगुती उपकरणांपुरता. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा औद्योगिक यंत्रांनाही धरतो, त्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७पासून लागू होतील.

तोवर आपल्या हातात खरेदीचा कागद आहे. नगरपरिषद असो, ग्रामपंचायत असो की कारखाना, पीएलसी कुणीतरी निविदा किंवा परचेस ऑर्डर काढूनच घेतं, आणि तिच्यात पंपाचा अश्वशक्तीचा आकडा, केबलची जाडी, पॅनेलच्या रंगाचा नंबर, सगळं लिहिलेलं असतं. तिथेच चार ओळी वाढवता येतात. पहिल्यांदा चालू करताना नवा पासवर्ड घातल्याशिवाय यंत्र प्रोग्राम घेणार नाही. कंपनीसाठी ठेवलेलं कुठलंही छुपं खातं त्यात नाही, असं लेखी मिळेल. प्रोग्रामची मूळ फाइल आणि सगळे पासवर्ड बंद लिफाफ्यात, काम ताब्यात देण्याच्या दिवशी. राउटरचं सिम योजनेच्या नावावर, कंत्राटदाराच्या नाही. आणि शेवटच्या बिलावर सही करण्याआधी कुणीतरी पॅनेलसमोर उभं राहून ‘११११’ टाकून बघेल.